ताईची वरची कवळी

ताईचे दात चांगले होते. हे आधीच सांगते, कारण ज्यांनी तिला नंतर पाहिलं त्यांना ते खरं वाटत नाही. पांढरेशुभ्र नव्हते, पण सरळ आणि घट्ट होते. कैरीला तिला सुरी लागायची नाही. भाजलेले चिंचोके ती दाताखाली फोडायची, साल थुंकायची आणि आतला गर माझ्या हातावर ठेवायची. मी तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. माझे दात किडके होते, त्यामुळे मला तेवढं जमायचं नाही.

आईचं माहेर कासूच्या बाजूला. मे महिन्यात आम्ही दोघी मामाकडे राहायला जायचो. त्या वर्षी गावात नुकतीच हातपंपाची बोअरिंग बसवली होती, आणि खाडीपट्ट्यात गोडं पाणी म्हणजे काय ते तिथल्या बायकांनाच ठाऊक, त्यामुळे त्या लोखंडी दांड्यापाशी सकाळपासून रांग असायची. ताई हंडा सरळ करायला वाकली. पलीकडून दांडा मारणाऱ्या बाईचा हात घामाने निसटला आणि दांडा उसळून ताईच्या तोंडावर बसला. मी मागेच कळशी घेऊन उभी होते. ताई ओरडलीसुद्धा नाही. ती खाली बसली आणि ओंजळ तोंडाशी धरली. ओंजळीत रक्त आणि दातांचे तुकडे. ज्या बाईच्या हातून दांडा सुटला ती रडायला लागली, तर ताईच तिला हाताने ‘असू दे, असू दे’ अशी खूण करत होती.

ताई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं.

बाबा पेणला शाळेत मराठी शिकवायचे. शुद्धलेखनाबद्दल त्यांचा दरारा होता. आम्ही एस्टीने पेणला आलो तेव्हा त्यांनी ताईच्या तोंडावरचा फडका बाजूला करून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले, ते आईला उद्देशून. “आता हिला कोण पत्करणार?”

दाताचे डॉक्टर बाजारपेठेत वरच्या मजल्यावर बसायचे. ताईला आत खुर्चीत बसवलं होतं आणि बाहेरच्या बाकावर मी. डॉक्टर आणि बाबा माझ्यासमोर उभं राहून बोलत होते, कारण माझ्यासमोर बोलू नये असं दोघांनाही वाटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, “समोरचे चार गेलेत, मास्तर. बाकीचे उत्तम आहेत. चार दातांची पट्टी करू. बाजूच्या दातांना तारेचा आकडा घालून अडकवायची.”

“तार दिसेल का?”

“हसली की थोडी दिसेल.”

बाबांनी खिडकीतून खाली बाजारात बघितलं. मग म्हणाले, “आणि वरचे सगळेच काढले तर?”

“सगळे कशाला? चांगले दात आहेत.”

“सगळे काढून पूर्ण कवळी बसवली, तर कुणाला कळेल?”

“नीट बसली तर नाही कळणार.”

“मग काढा.”

वाईट माणूस नव्हता तो डॉक्टर. “मुलीला एकदा विचारा,” एवढं म्हणाले. बाबा म्हणाले, “मुलीला काय विचारायचंय त्यात?” आणि डॉक्टर आत गेले.

ताईला सांगितलं होतं की मोडलेली मुळं काढायची आहेत. पहिल्या खेपेला खरोखर तीच काढली. दुसऱ्या खेपेला सांगितलं की माराने बाजूचेही हललेत. तिने मान डोलावली. दर खेपेला मी बरोबर असायची. येताना ती कापूस दाताखाली, म्हणजे हिरडीखाली, दाबून माझा हात धरून चालायची आणि लाळ फडक्यात टिपायची. शेवटच्या खेपेनंतर घरी येऊन ती स्वयंपाकघरात आईजवळ बसली. भूल उतरत आली होती. जीभ आतल्या आत फिरवत ती बराच वेळ बसली, आणि मग तिने बोबडं बोबडं विचारलं, “आई गो, दाढापण हलत होत्या?”

आई पेज ढवळत होती. ती ढवळतच राहिली.

हिरड्या भरून येईपर्यंत ताईला घराबाहेर काढलं नाही. शेजारी काविळीचं सांगितलं. आमच्या आळीत मूर्तींचे कारखाने, पुढच्या दारी सतत येणं-जाणं, म्हणून तिने मागच्या खोलीतच राहायचं. खायला पेज, आटवल, कालवलेला मऊ भात. काविळीचं ऐकून शेजारच्या काकू ऊस घेऊन आल्या, आणि त्यांच्यासमोर आईला ते दांडकं कौतुकाने ठेवून घ्यावं लागलं. ताई चादर डोक्यावर ओढून पडून होती.

मग माप घ्यायला गेलो. डॉक्टरांनी तिच्या तोंडात कालवलेलं प्लॅस्टर भरलं. आमच्या आळीत साच्यांना वापरायचे त्याच्याच जातीचं. ते घट्ट होईपर्यंत तिला हलायला परवानगी नव्हती. ती घशातून आवाज काढत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा म्हणाले, “श्वास नाकाने घे. एवढंही कळत नाही?” दातांचा रंग निवडायचा होता. डॉक्टरांकडे नमुन्याच्या दातांची एक माळ होती. आतल्या उजेडात बाबांना रंग पटेना, म्हणून ते तिला मागच्या गच्चीवर उन्हात घेऊन गेले, दोन बोटांनी तिचा खालचा ओठ खाली ओढला आणि एकेक नमुना तिच्या खालच्या दातांशी लावून पाहिला. बैल बघतात तसं. ताईने डोळे मिटून घेतले होते. “डोळे उघड, नाहीतर तोंड वाकडं होतं,” असं बाबा म्हणाले.

कवळी आली आणि खरंच, कळत नव्हतं. ताईने आरशात बघितलं आणि ती हसली. मला वाटलं, आता संपलं सगळं.

संपलं नव्हतं. बोलताना ‘स’ आणि ‘च’ला शीळ निघायची. बाबांनी रोज संध्याकाळी तिला समोर बसवून पाठ्यपुस्तक वाचायला लावलं. हातात फूटपट्टी. शीळ निघाली की पट्टी टेबलावर आपटायची. “परत.” ती परत वाचायची. “परत.” कधीकधी एकाच शब्दावर अर्धा तास जायचा. पुढे शीळ गेली, पण ताईचा आवाजही गेला. आधी ती खूप बोलायची. आता प्रत्येक शब्द आधी तोंडात चाचपून मग बाहेर काढू लागली. वाचन झालं की खाण्याचा सराव. आधी भिजवलेले पोहे, मग भाजी-पोळी, मग दाणे, मग फुटाणे. दोन्ही बाजूंनी सारखं चावायचं, समोरच्या दातांनी तोडायचं नाही. हिरड्या सोलवटून निघायच्या. आई तुरटीचं पाणी करून द्यायची, चुळा भरताना पाणी गुलाबी व्हायचं.

ठेवण्याचे नियम डॉक्टरांनी सांगितले होते. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवायचं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. मऊ ब्रश वापरायचा. झोपताना काढून पाण्यात ठेवायची, कोरडी पडू द्यायची नाही. आणि गरम पाणी कधीच नाही, आकार बिघडतो. बाबांनी त्यात आपला एक नियम घातला. लग्नानंतर झोपतानासुद्धा काढायची नाही.

स्थळ रोह्याचं आलं. मुलगा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला होता. वडील नव्हते, आई होती. बघायला आले तेव्हा आईने चकल्या ठेवल्या होत्या, कारण मऊ काही ठेवलं तर संशय येईल असं बाबांचं म्हणणं. मुलाची आई जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई. ती ताईला म्हणाली, “तू पण खा गो. नुसती बघतंस काय?” ताईने चकली हाताने मोडली, तुकडा बाजूच्या दाढेखाली ठेवला आणि कुडुमकुडुम चावली. अख्खी चकली संपवली.

“दात छान हायत पोरीचे,” त्या बाई म्हणाल्या.

“आमच्या घरात सगळ्यांचेच चांगले आहेत,” बाबा म्हणाले.

बाबांपुरतं ते खोटं नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी ते वारले, तेव्हा त्यांच्या तोंडात एक दात कमी नव्हता.

ताई रोह्याला गेली. पुढचं मला तिनेच सांगितलं, तेही एकदम नाही, वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने. आंघोळीला गेली की न्हाणीचं दार लावून ती कवळी धुवायची. दिवसभरात तेवढाच वेळ तिच्या हिरड्यांना हवा लागायची. रात्रंदिवस घालून ठेवल्याने टाळूला फोड आले. तोंडाला वास येऊ लागला म्हणून ती सारखी लवंग तोंडात धरायची. भावोजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वाटायचं बायकोला लवंगेची आवड आहे. त्यांनी एकदा बाजारातून पुडीभर आणून दिल्या.

मग ताईला दिवस गेले. उलट्या सुरू झाल्या. एक दिवस सकाळी ती परसात मोरीशी वाकली होती आणि सासूबाई मागून तिची पाठ चोळत होत्या. ताई म्हणायची, त्या वेळी त्यांचा हात चांगला होता, आईसारखा. जोराचा उमासा आला आणि कवळी बाहेर पडली. मोरीत, त्या घाणीत, दात वर करून पडली. ताई म्हणते, पाठीवरचा हात आणखी एकदोनदा फिरला आणि मग थांबला.

सासूबाईंनी चुलीचा चिमटा आणला, कवळी उचलली, धुतली. भावोजी पहिल्या शिफ्टला होते. ते आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. सासूबाईंनी त्यांच्यासमोर ताटली ठेवली, वर फडकं झाकलेलं. त्यांना वाटलं भाकरी. फडकं उचललं तर कवळी.

“तुझी बायको,” सासूबाई म्हणाल्या. “आता जेव.”

भावोजींनी ताटली हळूच बाजूला सरकवली आणि म्हणाले, “भूक नाय मला.” एवढंच. आईसमोर तो माणूस कधी यापेक्षा फारसं जास्त बोलला नाही. ताईवर हातही उचलला नाही त्याने, आणि तिच्या बाजूने बोटही उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई एस्टीने पेणला आल्या. मी घरी होते. त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली, बाबांच्या टेबलावर ठेवली आणि उलगडली. सासूबाईंचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता.

“मास्तर, पोरगी परत पाठवत नाय मी. पोटुशी हाय. तशी रीत नाय आमच्यात. पण ही वस्तू तुमची हाय, ती तुमच्याकडेच ठेवा. आमच्या घरात ती जशी हाय तशीच राहील. तिच्या तोंडात पुन्हा ही दिसली, तर त्या दिवशी पोरगी पोरासकट तुमच्या दारात आणून सोडीन.”

बाबा म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.”

त्या चहासुद्धा न घेता गेल्या. दार लागलं तशी बाबांनी खुर्चीवर अंग टाकलं आणि म्हणाले, “सुटलो. मला वाटलं, परत पाठवतात.”

आई दारात उभी होती. बाबांना उलटून बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, “तिचे दात तुमी काढलेत, आन् आता कवळी पण तुमीच ठेवून घेतलीत. पोरीनं खायाचं कशानं?”

“हळू बोल. शेजारी ऐकतील,” बाबा म्हणाले.

आईने कवळी उचलली. झाकणाच्या एका डब्यात पाणी घालून ती आपल्या फडताळात ठेवली आणि त्या दिवसापासून रोज सकाळी त्यातलं पाणी बदलत राहिली. देवाला पाणी घालून झालं की डब्याचं पाणी.

बाळंतपणाला ताई पेणला आली तेव्हा मी तिला दारात ओळखलं नाही. वरचा ओठ आत गेला होता, नाक खाली आलं होतं, हनुवटी पुढे. गाल बसले होते. वीस-एकवीस वर्षांची बाई, पोट पुढे आलेलं आणि तोंड म्हातारीचं. ती मला बघून हसायला गेली आणि अर्ध्यात थांबून पदर तोंडावर घेतला.

बाबा शाळेत गेल्यावर आईने डबा काढला. “घाल गो. हितं कोण बघतंय?” तिने कवळी बसवली आणि ती बसेना. वर दाबली की चिकटल्यासारखी व्हायची, तोंड उघडलं की खाली यायची. हिरड्या आक्रसून गेल्या होत्या. दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या झिजतात, तेव्हा कवळीला आतून भर घालून घ्यावी लागते, नाहीतर नवीन करावी लागते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ताईने दोनतीनदा प्रयत्न केला. एकदा ‘आई’ म्हणायला तोंड उघडलं तर कवळी तिच्या मांडीवर पडली. आईने इतके महिने पाणी बदललं होतं त्याचा काही उपयोग नव्हता.

आईने बाबांना नवीन करायचं विचारलं. बाबा म्हणाले, “घालायला बंदी आहे ना? मग करायची कुणासाठी?”

मुलगी झाली. ताई रोह्याला परत गेली. नंतर मुलगा झाला. वर्षं गेली, माझं लग्न झालं, पेणमध्येच दिलं मला. माझ्या किडक्या दातांसकट मला पसंत केलं, कुणी काही विचारलं नाही. रेल्वे रोह्यापर्यंत आली तशी मी वरचेवर ताईकडे जाऊ लागले, आणि त्या घरात काय चालतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

सासूबाई ताईला नावाने हाक मारायच्या नाहीत. ‘बोळकी’ म्हणायच्या. पाहुणे आले की, “आमची बोळकी चहा टाकते, बसा.” रागाने नाही, अगदी सहज. मुलं लहान असताना त्यांनीही तोच शब्द उचलला होता. भाच्याने एकदा शाळेतून आल्यावर दारातून हाक मारली, “बोळके, भूक लागली!” आणि सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. ताईने त्याला ताट वाढलं. तिचं स्वतःचं जेवण सगळ्यांचं झाल्यावर, आमटीत कुस्करलेली भाकरी, भिंतीकडे तोंड करून. लग्नकार्यात तिला नेत नसत. एकदा नवीन शेजारीण आली आणि भावोजींकडे बोट दाखवून ताईला म्हणाली, “मुलाकडे राहता का तुम्ही?” सासूबाईंनी ही गोष्ट पुढे किती जणांना सांगितली असेल, गणती नाही. मलाही सांगितली. ताईसमोर.

मी ताईला विचारायची, “तू भावोजींना का नाही सांगत?” ती म्हणायची, “काय सांगू? त्यांना दिसत नाही का?”

मग सासूबाईंचे दात गेले. साखर झाली होती त्यांना, हिरड्या सुजल्या, दात हलून हलून पडले, उरलेले काढले. भावोजींनी आपल्या आईला रोह्यातल्या नव्या डॉक्टरकडे नेऊन वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या करून आणल्या. भावोजी तेव्हा एकदा म्हणाले खरे, “हिचीपण करून घेऊ, आई.” सासूबाई म्हणाल्या, “तिला आता सवय झाली. कशाला त्रास?” विषय संपला.

आणि त्या कवळ्यांची देखभाल ताईकडे आली.

मी ते बघितलंय. दुपारचं जेवण झालं की सासूबाई खाटेवर बसायच्या, तोंडातून दोन्ही कवळ्या काढायच्या आणि हात पुढे करायच्या. ताईने वाटी धरायची. मग परसात घमेल्यात पाणी भरून, मऊ ब्रशने, आतून-बाहेरून. अडकलेले भाताचे कण, मेथीचा पाला. सासूबाई खाटेवरून ओरडायच्या, बोबड्या, “नीट घास गो! माझं त्वांड हाय ते.” धुऊन आणल्यावर त्या कवळी उजेडाकडे धरून तपासायच्या. कुठे जरा काही दिसलं की परत द्यायच्या.

“कसं करतेस तू हे?” मी विचारलं.

“भांडं घासल्यासारखं,” ताई म्हणाली. कवळी घमेल्यावर धरूनच तिने ती मला दाखवली. “बघ, दात चांगले बसवलेत. जरा पिवळट घेतलेत. खरे वाटतात.”

काही वर्षं असं चाललं. एका दुपारी चहाचं पाणी उकळत होतं आणि ताईने दोन्ही कवळ्या त्यात सोडल्या. चुकून नाही. मला तिने सांगितलं ते तसंच सांगते. ती म्हणाली, “मला काही राग आला नव्हता. त्या दिवशी त्या काही बोललेल्याही नव्हत्या. पाणी उकळत होतं आणि हातात कवळ्या होत्या. मी गॅस मोठा केला.”

कवळ्या वाकल्या. सासूबाईंच्या तोंडात बसेनात. भावोजी शिफ्टला होते म्हणून ताईच त्यांना रिक्षाने डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कवळी हातात फिरवली आणि विचारलं, “गरम पाण्यात टाकली होती का?”

“हो,” ताई म्हणाली.

“चुकून पडली असेल.”

“नाही. मी टाकली.”

सासूबाई खुर्चीत तोंड उघडं टाकून बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कवळ्या गडबडीने परत दिल्या. त्यांनी नव्याने माप घ्यायला चार दिवसांनी यायला सांगितलं.

येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, “येऊ दे त्याला. सांगते त्याला.”

ताई म्हणाली, “सांगा. पण तुम्हाला जेवायला मीच वाढते, आणि न्हाणीत हात धरून मीच नेते. ते लक्षात ठेवून सांगा.”

सासूबाईंनी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. भावोजी आले तेव्हा ताईनेच सांगितलं की कवळ्या खराब झाल्या, आणि डॉक्टर म्हणतायत, आईंच्या हिरड्यांना आता कवळी झेपणार नाही, साखरेमुळे. भावोजींनी आईकडे बघितलं. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. भावोजी म्हणाले, “बरं.” चार दिवसांनी ताई डॉक्टरकडे गेली आणि माप दिलं, ते स्वतःच्या तोंडाचं.

तिला कवळी नीट बसली असं म्हणता येणार नाही. हिरडी इतकी सपाट झाली होती की धरायला काही उरलं नव्हतं. चिकटवायची पूड लावावी लागायची. पण ती चिकाटीने शिकली. तोंडाला आकार आला. मुलगी कॉलेजला जाण्याच्या वयाची झाली होती, ती आईकडे बघतच राहिली. म्हणाली, “आई, तू अशी दिसायचीस?”

सासूबाई त्यानंतर चार-पाच वर्षं जगल्या. मी जायची तेव्हा त्या खाटेवर असायच्या. त्यांचं तोंड आता ताईच्या जुन्या तोंडासारखं झालं होतं. ताईने त्यांना उपाशी ठेवलं नाही, औषध चुकवलं नाही, अंथरूण ओलं राहू दिलं नाही. पेज वेळेवर. पण ती स्वतः त्यांच्यासमोर बसून जेवायची. आधी भिंतीकडे तोंड करून जेवणारी बाई आता खाटेसमोर पाट घेऊन बसायची. कडक भाकरी, भाजलेली सुकट, पापड. पापड मोडल्याचा आवाज आला की म्हातारी डोळे मिटायची. ताई जेवण संपवायला घाई करायची नाही.

एकदा उन्हाळ्यात मी गेले होते. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, “तुझ्या बहिणीला सांग गो. मला काकडी खावीशी वाटते. किसून.” मी स्वयंपाकघरात जाऊन काकडी किसली, जरा मीठ-साखर घातली, वाटी घेऊन बाहेर आले. ताईने माझ्या हातातून वाटी घेतली. मला वाटलं ती भरवणार. ती खाटेसमोर बसली आणि चमच्याने स्वतः खाऊ लागली. किसलेली काकडी, खरं तर तिला ती किसून खायची गरजच नव्हती. शेवटचा चमचा संपवून ती उठली आणि वाटी धुवायला गेली. मी तिथे उभी होते. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी काय करणार होते? मी दुसरी काकडी किसायला गेले नाही. तेव्हा मला ताईची भीती वाटत होती.

परतीच्या गाडीला बसवायला भावोजी आले होते. रोह्याच्या फलाटावर गाडी लागलेली होती, सुटायला वेळ होता. त्यांनी तोपर्यंत कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली होती, केस पांढरे. बाकावर माझ्या शेजारी बसून समाधानाने म्हणाले, “आईचं सगळं ती करते. कंपनीत लोक सांगायचे, घरोघरी सासू-सुनांची भांडणं. आमच्याकडे एकदासुद्धा कुणाचा आवाज चढला नाय. लोकांना खरं वाटत नाय.”

“हो ना,” मी म्हटलं, आणि गाडीत चढले.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. ताईने त्यांना शेवटची आंघोळ घातली, हनुवटीखालून डोक्यापर्यंत फडकं बांधून तोंड मिटवलं. बायकांपैकी कुणीतरी विचारलं, कवळी होती ना त्यांची, घालायची का? ताई म्हणाली, “त्यांना ती कधी मानवली नाही.”